घोडे, ग्रेहाउंड आणि सरकारी तिजोरी: आयर्लंडच्या ८०–२० निधीविषयी

डब्लिनमध्ये सार्वजनिक धोरणाचे शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारले आहे की, घरांची टंचाई आणि रुग्णालयांतील प्रतीक्षायाद्या यांवर रोज ओरड होत असताना आयर्लंडचे सरकार घोड्यांच्या आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींना दरवर्षी जवळजवळ दहा कोटी युरो का देते, हा पैसा शर्यतींवरील सट्ट्याच्या करातूनच येतो हा नेहमीचा दावा कितपत खरा आहे, आणि महाराष्ट्रात असे काही आहे का. मी मूळचा पुण्याचा, आणि गेली बावीस वर्षे आयर्लंडमध्ये हिशेबतपासनिसाचे काम करतो; त्यातील बराचसा काळ किल्डेअर आणि टिपरेरी परगण्यांतील तबेल्यांच्या व पैदास केंद्रांच्या वह्या तपासण्यात गेला आहे. शर्यतीवर पैसे लावण्याचा नाद मला नाही, परंतु त्या नादावर जगणाऱ्यांचे जमाखर्च पुष्कळ पाहिलेले असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रथम आकडे. २०२५ साठी या निधीची रक्कम ९ कोटी ९१ लाख युरो होती. त्यातील सुमारे ७ कोटी ९३ लाख हॉर्स रेसिंग आयर्लंड या घोड्यांच्या शर्यतींचे नियोजन पाहणाऱ्या सरकारी संस्थेला, आणि सुमारे १ कोटी ९८ लाख ग्रेहाउंड रेसिंग आयर्लंडला मिळाले. ही ग्रेहाउंड संस्था म्हणजे १९५८ च्या कायद्याने स्थापन झालेले जुने बोर्ड ना गॉन. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर तिचे नाव बदलले. वाटणीचे प्रमाण दरवर्षी मंत्री ठरवत नाहीत. ते २००१ च्या घोडे व ग्रेहाउंड शर्यत कायद्याच्या बाराव्या कलमातच लिहिलेले आहे: ऐंशी टक्के घोड्यांना, वीस टक्के कुत्र्यांना. या एका वाक्यात सगळ्या वादाची गाठ आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता सट्ट्याच्या कराविषयी. २००१ मध्ये निधी निर्माण झाला तेव्हा रेसकोर्सबाहेर, म्हणजे शहरोशहरीच्या बेटिंगच्या दुकानांत लागणाऱ्या पैशांवरील उत्पादनशुल्काशी त्याची रक्कम खरोखरच बांधली होती. त्यातही एक खुंटी मारून ठेवली होती. शुल्काचे उत्पन्न कितीही घटले, तरी २००० सालच्या उत्पन्नात महागाईची वाढ धरून येणाऱ्या रकमेपेक्षा निधी खाली जाऊ द्यायचा नाही, आणि तूट पडली तर ती सरकारने भरायची. पुढे तेच घडले. १९९९ मध्ये दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणलेले शुल्क २००२ मध्ये दोन टक्के आणि २००६ मध्ये एक टक्का झाले, लोक दुकानातून उठून फोनवर पैसे लावू लागले, आणि परदेशी परवान्यावर चालणाऱ्या ऑनलाइन कंपन्या २०१५ पर्यंत या कराच्या जाळ्यात आल्याच नाहीत. दरम्यान निधीचे अंदाजपत्रक चालूच होते. आर्थिक मंदीनंतर, २०१४ मध्ये तो ५ कोटी ४२ लाखांवर आला खरा, पण २०१७ पर्यंत पुन्हा ८ कोटी झाला. २०१८ मध्ये शुल्कातून सुमारे सव्वापाच कोटी युरो जमा झाले आणि निधी होता ८ कोटी. वरची रक्कम सर्वसाधारण करदात्याने भरली. जानेवारी २०१९ पासून दर पुन्हा दोन टक्के झाल्यावर उत्पन्न साडेनऊ कोटींच्या आसपास पोहोचले आणि दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले. तेव्हापासून ‘आमचा पैसा आम्हालाच परत मिळतो’ हे वाक्य शर्यतीच्या समर्थकांच्या तोंडी अधिक ठामपणे येऊ लागले.

हिशेबतपासनीस म्हणून मला ते मान्य नाही. शुल्क तिजोरीत जाते, आणि निधीची रक्कम कृषी खात्याच्या मागणीतून निघते. दोहोंमध्ये पाइप जोडलेला नाही. शिवाय हे शुल्क केवळ आयर्लंडमधील शर्यतींवरील पैशांवर लागत नाही. इंग्लिश फुटबॉलच्या सामन्यावर, गोल्फवर, इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या शर्यतींवर डब्लिनच्या दुकानात लावलेल्या प्रत्येक युरोवर ते लागते. फुटबॉलवर सट्टा खेळणाऱ्याच्या करावर घोडेवाल्यांचा हक्क कसा पोहोचतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. सिगारेटवरील कर तंबाखू पिकवणाऱ्यांचाच आहे, असे म्हणण्यासारखे ते आहे.

मग सरकार हा पैसा का देते? घोड्यांच्या बाबतीत याचे उत्तर सट्ट्यात नसून पैदाशीत आहे. आयर्लंडमध्ये वर्षाला नऊ हजारांच्या आसपास थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, शिंगरे जन्मतात. देशाच्या आकाराच्या मानाने हा आकडा अवाढव्य आहे. किल्डेअरच्या चुनखडीच्या जमिनीवरील गवत हाडांना चांगले असे मानले जाते, आणि राज्यसंस्थेने या व्यवसायाला फार पूर्वीपासून हात दिला आहे. टली येथील नॅशनल स्टड हे पैदास केंद्र १९४६ पासून सरकारी कंपनी म्हणून चालते. १९६९ मध्ये चार्ल्स हॉही अर्थमंत्री असताना घोडीशी जुगवण्यासाठी पैदाशीच्या घोड्यांमागे मिळणाऱ्या फीचे उत्पन्न करमुक्त केले गेले, आणि युरोपीय आयोगाच्या दबावाखाली ती सवलत ३१ जुलै २००८ रोजी संपेपर्यंत सुमारे चाळीस वर्षे चालली. रोख अनुदानावर सगळे बोलतात, पण माझ्या मते या देशातील मोठी पैदास केंद्रे आज जेथे आहेत तेथे त्यांना पोहोचवणारी खरी शिडी ती करमाफी होती. तिची किंमत अंदाजपत्रकात खर्च म्हणून कधी दिसली नाही, म्हणून तिच्यावर वादही फारसा झाला नाही.

समर्थनासाठी आज पुढे केला जाणारा कागद म्हणजे डेलॉइट या सल्लागार संस्थेचा अहवाल. २०१७ च्या अहवालात या उद्योगाची उलाढाल १८४ कोटी युरो आणि रोजगार २८,९०० असा अंदाज होता. २०२३ च्या अहवालात तो २४६ कोटी आणि ३०,३५० झाला. हे अहवाल हॉर्स रेसिंग आयर्लंडनेच करवून घेतलेले आहेत, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. त्यांतील पद्धत मात्र समजून घ्यावी. प्रत्यक्ष मोतद्दार, रायडर, ट्रेनर यांच्या रोजगारावर गवत-दाणा पुरवणाऱ्याचा, नालबंदाचा, पशुवैद्याचा रोजगार चढवला जातो, आणि त्यांनी गावातल्या खानावळीत खर्चलेल्या पगारातून निर्माण होणारा रोजगारही त्यावर चढतो. हा एकूण पसारा झाला. धोरणासाठी विचारायचा प्रश्न निराळा आहे: अनुदान नसते तर यातील किती नाहीसे झाले असते? जगभरातून घोड्या घेऊन येणारे श्रीमंत मालक आणि त्यांच्याकडून एका पैदाशीमागे मोठी रक्कम घेणारी केंद्रे आठ कोटी युरो कमी मिळाले म्हणून गाशा गुंडाळतील असे वाटत नाही. ज्यांचे तबेले बंद पडतील ते वेगळे लोक आहेत.

त्यांचा हिशेब जवळून पाहा. निधीतील घोड्यांच्या वाट्याचा सर्वांत मोठा भाग शर्यतींच्या बक्षिसांत जातो. समजा एका साध्या बुधवारी, लहान रेसकोर्सवर दहा हजार युरोंची शर्यत आहे. विजेत्याच्या वाट्याला साधारण साठ टक्के, म्हणजे सहा हजार येतात. त्यातून ट्रेनरला आणि जॉकीला प्रत्येकी दहावा भाग गेला की मालकाच्या हाती चार हजार आठशे उरतात. घोडा ट्रेनरकडे ठेवण्याचा खर्च नाल, दवापाणी, वाहतूक धरून वर्षाला पंचवीस हजार युरो धरला, तर नुसता खर्च भरून यायला त्याच घोड्याने वर्षात पाचापेक्षा जास्त वेळा पहिले यायला हवे. बहुतेक घोडे जन्मभरात पाच शर्यती जिंकत नाहीत. म्हणजे बाकीची सगळी पदरमोड. मी ज्या लहान ट्रेनरची वही अनेक वर्षे पाहिली, त्याच्याकडे अकरा घोडे होते आणि जमेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम बक्षिसांची नसून दोन मालकांच्या थकलेल्या आणि अखेर वसूल झालेल्या बिलांची होती. पहाटे पाचला तबेल्यात त्याच्याबरोबर तिघे असत, त्यांपैकी एक ब्राझीलचा आणि एक आपल्या पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे फिरवून आलेला. बक्षिसे घटली तर प्रथम असे मालक घोडा विकून मोकळे होतात, मग ट्रेनर जातो, मग हे तिघे. शंभर जणांच्या मोठ्या तबेल्याला त्याची झळ सर्वांत शेवटी लागते.

मात्र याच कारणासाठी बक्षिसांच्या रूपाने मदत देणे हे फार बोथट हत्यार आहे. बक्षीस जिंकणाऱ्याला मिळते, गरजूला नव्हे. उड्यांच्या शर्यतींत विली मलिन्स आणि सपाट मैदानावरील शर्यतींत एडन ओब्रायन यांच्या तबेल्यांनी मोठ्या शर्यतींवर इतकी पकड बसवली आहे की सार्वजनिक निधीचा ओघही साहजिकच त्यांच्या मालकांकडे वळतो, आणि ते मालक आयर्लंडमधील किंवा परदेशांतील अतिश्रीमंतांपैकी असतात. यात त्या ट्रेनरांचा दोष काहीच नाही; ते आपले काम उत्तम करतात. अलीकडे हॉर्स रेसिंग आयर्लंडने सर्वांत यशस्वी ट्रेनरांना वगळून काही शर्यती राखून ठेवायला सुरुवात केली, ती याच टीकेमुळे. निधीचा उरलेला भाग रेसकोर्सच्या बांधकामाला, उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्यांना आणि नियमनाला जातो. नियमन २०१८ पासून एका स्वतंत्र मंडळाकडे आहे. ते १७९० च्या टर्फ क्लबचा वारसा सांगते. या खर्चाला मी कधीच विरोध केलेला नाही. ज्या खेळावर लोक पैसे लावतात त्या खेळात घोड्याला काय टोचले जाते हे तपासणे सार्वजनिक काम आहे. आयर्लंड बेटावर एकूण २६ रेसकोर्स आहेत, त्यांपैकी दोन उत्तर आयर्लंडमध्ये. मीथ परगण्यातील लेटाउन येथे तर वर्षातून एकदा, ओहोटी लागल्यावर, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर शर्यती होतात आणि भरतीच्या आत सामान आवरावे लागते. तेथे एकदा जरूर जावे.

आता कुत्र्यांकडे वळतो.

डब्लिनच्या शेलबर्न पार्कवर शनिवारी संध्याकाळी गेलात तर काचेच्या मागे जेवणाची टेबले लागलेली असतात. खाली सहा कुत्रे सहा पिंजऱ्यांत शिरतात. एक नंबरच्या अंगावर लाल जाकीट, दोनच्या निळे, तीनच्या पांढरे, चारच्या काळे, पाचच्या नारिंगी आणि सहाच्या काळे-पांढरे पट्टे. यांत्रिक ससा घरघरत वळणावरून येतो, पिंजऱ्यांची झापे वर जातात, आणि ५२५ यार्डांची शर्यत तीस सेकंदांच्या आत संपते. टेबलावरच्या बऱ्याच जणांची मान वर होईपर्यंत कुत्रे पट्ट्याला बांधून परत निघालेले असतात. या धंद्याची आर्थिक स्थिती मला त्या काचेमागून नेहमी स्पष्ट दिसली आहे: जेवण विकले जाते, शर्यत नव्हे.

लिमरिकला २०१० मध्ये उभारलेल्या नव्या स्टेडियमने ग्रेहाउंड बोर्डाच्या डोक्यावर कर्जाचा बोजा चढवला. तो उतरवण्यासाठी डब्लिनमधीलच हॅरल्ड्स क्रॉस हे जुने मैदान फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद करून विकायला काढले, आणि ते २ कोटी ३० लाख युरोंना घेतले शिक्षण खात्याने, शाळेसाठी. जागा चांगली होती आणि शाळेची गरजही खरी होती. तरीही एका सरकारी संस्थेचे कर्ज दुसऱ्या सरकारी खात्याच्या पैशाने फिटले, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. वार्षिक निधीच्या आकड्यात हे कोठेच दिसत नाही.

जून २०१९ मध्ये आयरिश दूरचित्रवाणीने एक शोधवृत्त दाखवले. त्याचा आधार बोर्डाने स्वतःच करवून घेतलेला, पण प्रसिद्ध न केलेला अहवाल होता, आणि पुरेसे वेगवान नाहीत म्हणून वर्षाला सुमारे सहा हजार ग्रेहाउंड मारले जात असावेत असा अंदाज त्यात होता. बोर्डाने तो आकडा मान्य केला नाही. प्रायोजकांनी मात्र काढता पाय घेतला, डॉल या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गदारोळ झाला, आणि प्रत्येक कुत्र्याचा जन्मापासून माग ठेवणारी नोंदपद्धती पुढे आली. हे सगळे घडत असताना निधीचे काय झाले? २०२० मध्ये तो ८ कोटी ४० लाख होता, २०२१ साठी ९ कोटी ६० लाख झाला. वाढ घोड्यांच्या गरजेतून सांगितली गेली. पण वाटणी कायद्याने ठरलेली असल्यामुळे ग्रेहाउंडचा वाटा आपोआप १ कोटी ६८ लाखांवरून १ कोटी ९२ लाखांवर गेला. म्हणजे २४ लाख युरोंची वाढ, आणि तीही स्टेडियमचे दरवाजे साथीमुळे प्रेक्षकांना बहुतेक बंद असताना. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच.

माझे म्हणणे एवढेच आहे की या दोन धंद्यांना एकाच दावणीला बांधणे हे या निधीचे मूळ दुखणे आहे. घोड्यांच्या पैदाशीमागे निर्यातीचा बाजार आहे, कौशल्य आहे, आणि मदत किती व कशी द्यावी याबद्दल गांभीर्याने वाद घालता येतो. ग्रेहाउंडचे गणित वेगळे आहे. प्रेक्षक घटत आलेले आहेत, आणि आयर्लंडमध्ये जन्मलेले कुत्रे मोठ्या संख्येने ब्रिटनमधील ट्रॅकवर पळतात. तेथील बहुसंख्य ग्रेहाउंड आयरिशच असतात. म्हणजे आयरिश करदाता ब्रिटिश बेटिंग कंपन्यांच्या दुपारच्या वेळापत्रकासाठी कुत्रे पुरवण्याच्या कामाला हातभार लावतो. तो बाजारही आकसतो आहे. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेहाउंड शर्यती बंद करण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारनेही तोच निर्णय सांगितला. अशा वेळी वीस टक्क्यांचे कलम तसेच ठेवणे म्हणजे डोळे मिटून चेक लिहिणे.

ते कलम बदलत का नाही, हे विचारशील. डॉलमध्ये निधीचा प्रस्ताव एकत्रच मांडला जातो, आणि एकत्रच मत द्यावे लागते. शहरी मतदारसंघातील सदस्य कुत्र्यांवरील खर्चाविरुद्ध जोरदार बोलतो. पण विरोधी मत दिले तर तो किल्डेअरच्या पैदाशीविरुद्ध मोजला जातो. घोडेवाल्या संघटनाही गाठ सोडवायला उत्सुक नसतात, कारण कायदा एकदा दुरुस्तीसाठी उघडला की त्यांच्या ऐंशी टक्क्यांचीही छाननी होईल. दोघांनाही एकमेकांची सावली सोयीची आहे. आणि घोड्यांची बाजूही निष्कलंक नाही: जून २०२४ मध्ये किल्डेअरमधील एका कत्तलखान्यात शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांची हेळसांड होत असल्याचे चित्रण प्रसारित झाले, तेव्हा कोणालाच तोंड वर काढता येईना.

शेजारच्या ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे १९६१ च्या कायद्यापासून बेटिंग कंपन्यांकडून घोड्यांच्या शर्यतींसाठी लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, घेतली जाते. सध्या ब्रिटिश शर्यतींवरील ढोबळ नफ्याच्या दहा टक्के, आणि २०१७ पासून परदेशातून चालणाऱ्या कंपन्यांनाही ती लागू आहे. ज्याच्या शर्यतीवर कमावता त्याला द्या, असा तो सरळ व्यवहार आहे. ग्रेहाउंडसाठी तेथे कंपन्या स्वेच्छेने पैसे देतात, कायद्याची सक्ती नाही. आयर्लंडला ही पद्धत जशीच्या तशी पेलणार नाही, कारण येथील बाजारपेठ लहान आहे आणि पैसा मोठ्या प्रमाणात इंग्लिश शर्यतींवर लागतो. परंतु ‘आमचाच पैसा’ हे वाक्य बोलण्याचा हक्क ब्रिटिश पद्धतीत आहे, आयरिश पद्धतीत नाही.

राहता राहिला महाराष्ट्र. आपल्याकडे शर्यतींच्या बक्षिसांना सरकार रोख अनुदान देत नाही, उलट घेते. सट्ट्यात लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. आयर्लंडच्या दोन टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की मुंबईचा बुकी चोरवाटा का शोधतो हे वेगळे सांगावे लागत नाही. पैदास मात्र पुण्याच्या परिसरात अनुदानाशिवायही रुजली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरील निवृत्त घोडे सीरम तयार करण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्या व्यवहारातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. असा जोडधंदा कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात आधी लिहून ठेवता आला नसता.

तरीही आपल्याकडे सरकारी मदत नव्हतीच असे समजू नये. ती जमिनीच्या रूपाने होती. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे. त्याची जमीन राज्य सरकारची आणि महापालिकेची. तेथे शर्यती चालवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेपट्टा मे २०१३ मध्ये संपला आणि त्यानंतर दहा वर्षे नूतनीकरणाविना शर्यती चालू राहिल्या. २०२४ मध्ये तडजोड झाली: २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे तीस वर्षांच्या पट्ट्याने. तू अभ्यास करतेच आहेस, तर एक काम कर. दक्षिण मुंबईतील त्या ९१ एकरांचे बाजारभावाने भाडे किती झाले असते आणि पट्ट्यात ठरलेले भाडे किती आहे, यांतील फरक काढ. आयर्लंडच्या ९ कोटी ९१ लाखांशेजारी ठेवायचा आकडा तो आहे.